अलंकार ओळखता येतात. आता वापरायचे कसे?

शाळेच्या मराठीच्या पेपरात ‘पुढील ओळींतील अलंकार ओळखा’ हा प्रश्न असायचा आणि त्याची एक ठरलेली युक्ती होती. ‘सम, सारखा, परी’ दिसलं की उपमा; ‘जणू, गमे, वाटे’ दिसलं की उत्प्रेक्षा. गुण मिळायचे. पुढे कधीतरी निरोप समारंभात कुणीतरी ‘तुम्हीही दोन शब्द बोला’ म्हणतं, सोसायटीच्या सभेत मुद्दा मांडायची वेळ येते, दिवाळी अंकासाठी लेख लिहायला घेतला जातो, आणि तिथे ती युक्ती काही उपयोगाची नसते. ओळखणं वेगळं, वापरणं वेगळं.

इथे वापरायचं बघू. माझं मत आधीच सांगून ठेवते: अलंकार कुठला घ्यायचा हे आपल्या हौसेवर ठरत नाही, समोरच्याच्या कानावर ठरतं. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने आहेत. पहिल्या दोन ओलांडून थेट तिसरीवर उडी मारलीत तर भाषण सजेल, पण लक्षात राहणार नाही.

पहिली पायरी: बिनअलंकाराचं वाक्य लिहा

समजा, शाळेतले शिपाईमामा निवृत्त होतायत आणि तुम्हाला बोलायचंय. हात आपोआप लिहायला लागतो: ‘मामा म्हणजे शाळेचा आधारस्तंभ, सेवेचा मूर्तिमंत आदर्श, त्यांच्याविषयी बोलणं म्हणजे सूर्याला दिवा दाखवणं.’ यात तीन अलंकार आहेत आणि मामा कुठेच नाहीत. हेच वाक्य उद्या मुख्याध्यापकांना, परवा सरपंचांना लावता येईल.

म्हणून कागदावर आधी साधी, खरी, तपासता येतील अशी वाक्यं लिहा. उदाहरणार्थ: मामा घंटा द्यायचे. पावसाळ्यात ओढ्याला पाणी चढायला लागलं की पलीकडच्या वाडीतल्या पोरांना लवकर सोडा म्हणून ऑफिसात सांगायला तेच जायचे. डबा विसरलेल्या पोराला ते आपल्या डब्यातली अर्धी भाकरी द्यायचे, आणि ‘घरी सांगू नको’ म्हणायचे.

भाषण इथेच निम्मं झालं. एखादी गोष्ट जशी आहे तशी, पण नेमके तपशील निवडून सांगणं याला आपल्या काव्यशास्त्रात स्वभावोक्ती म्हणतात. तिला अलंकार मानायचं की नाही यावर जुन्या आचार्यांमध्ये चांगलाच वाद होता. दंडीने तिला पहिला अलंकार म्हटलं. कुंतकाने ती अलंकार नव्हेच, जिच्यावर अलंकार घालायचे ती मूळ वस्तू आहे, असं बजावलं. मी दंडीच्या बाजूची. नवख्या माणसाने वर्षभर फक्त स्वभावोक्ती वापरली तरी त्याचं काही अडणार नाही.

कसोटी सोपी आहे. वाक्यातलं नाव बदलून दुसऱ्या कुणाचं घाला. वाक्य तरीही चाललं, तर ते काढा.

दुसरी पायरी: समोर कोण बसलंय?

काव्यशास्त्राच्या ग्रंथांत एक छोटं वाक्य उदाहरण म्हणून येतं: ‘सूर्य मावळला.’ गुराख्याला ते ‘गुरं घराकडे वळवा’ असं ऐकू येतं. घरात देवापाशी बसलेल्या आजीला दिवेलागणीची आठवण होते. रोजंदारीवरच्या बाईला कामाची सुट्टी दिसते. शब्द तेच, अर्थ ऐकणाऱ्यागणिक वेगळा. शब्दाचा सरळ अर्थ ती अभिधा. सरळ अर्थ जुळत नाही म्हणून जवळचा अर्थ घ्यावा लागतो ती लक्षणा, जसं ‘बाबा ताटावर बसले’ म्हटल्यावर कुणी बाबांना ताटात बसलेलं बघत नाही. आणि सरळ अर्थ शाबूत राहून मागून आणखी काही सुचतं ती व्यंजना. सूर्य मावळण्याचं उदाहरण व्यंजनेचं. बोलणाऱ्याने यातून एवढंच घ्यायचं की अर्थाचा अर्धा भाग श्रोत्याच्या घरून येतो.

म्हणजे प्रत्यक्षात काय करायचं? तुलनेसाठी जी वस्तू घ्याल ती श्रोत्याच्या रोजच्या बघण्यातली घ्या. ग्रामसभेत ‘जलवाहिनीच्या गळतीमुळे दररोज ५०,००० लिटर पाणी वाया जातं’ असं वाचून दाखवलं तर माना डोलतात आणि विषय पुढे सरकतो. ‘रोज दहा हजार लिटरचे पाच टँकर आपण रस्त्यावर ओततोय’ म्हटलं की मागच्या रांगेतलं बोलणं थांबतं. आकडा तोच आहे, फक्त गावाच्या मापाने सांगितला. यात अलंकार म्हणावा असं फारसं काही नाही, आणि काम मात्र बऱ्याच अलंकारांपेक्षा जास्त होतं.

तिसरी पायरी: एकच तुलना घ्या आणि जिन्याने वर न्या

इथे जरा रेंगाळू, कारण शाळेत उपमा, उत्प्रेक्षा, रूपक ही वेगवेगळी प्रकरणं म्हणून पाठ करून घेतली जातात आणि ती एकाच जिन्याच्या पायऱ्या आहेत हे लक्षात येत नाही. घाट चढणारी जुनी एसटी घ्या.

‘एसटी दम्याच्या म्हातारीसारखी घाट चढत होती.’ ही उपमा. एसटी उपमेय, म्हातारी उपमान, धाप लागणं हा दोघींचा साधारण धर्म, आणि ‘सारखी’ हा साम्यवाचक शब्द. एसटी आणि म्हातारी अजून वेगवेगळ्या आहेत. लिहिणारा सुरक्षित अंतरावर उभा आहे.

‘वळणावर एसटी थांबली, जणू म्हातारीच कमरेवर हात ठेवून उभी राहिली.’ ही उत्प्रेक्षा. अंतर कमी झालं. एसटी म्हातारी नाही हे ठाऊक असूनही क्षणभर तसं वाटून घेतलं.

‘आमची एसटी म्हणजे दम्याची म्हातारी.’ आता रूपक. दोघींत भेद उरला नाही.

‘ही एसटी कसली, दम्याची म्हातारी आहे ही!’ इथे उपमेय चक्क नाकारलं, ही अपन्हुती. बोलण्यात आपण हिचा सर्रास वापर करतो. ‘पोरगं नाही, वादळ आहे’ म्हणणाऱ्या आईला अलंकाराचं नाव ठाऊक असायची गरज नसते.

‘म्हातारी वळणावर थांबली, खोकली, बादलीभर पाणी प्यायली आणि पुन्हा निघाली.’ एसटीचं नावच गेलं. रेडिएटरमध्ये पाणी ओतलेलं वाचकाला आपोआप दिसतं, कारण मागच्या वाक्यांनी त्याला तयार केलंय. संस्कृत शास्त्रात ही अतिशयोक्तीची एक जात मानतात, रूपकातिशयोक्ती.

उपमेय असं पूर्ण गाळण्याचं मराठी मुलखातलं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण कवितेत नाही, सावकारी निरोपात आहे. १४ जानेवारी १७६१ च्या पानिपतानंतर पेशव्यांकडे पोचलेल्या बातमीत दोन मोत्ये गळाल्याचं, सत्तावीस मोहरा हरवल्याचं आणि खुर्दा किती गेला त्याची गणती नसल्याचं लिहिलेलं होतं. मोती म्हणजे विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ, मोहरा म्हणजे मोठे सरदार, खुर्दा म्हणजे साधे शिपाई. वाचणाऱ्याला सगळं कळलं. वाटेत कुणाच्या हाती पडलं असतं तर त्याला व्यापारातली खोट दिसली असती. या पायरीवर जायचं तर बोलणारा आणि ऐकणारा यांच्यात आधीपासून काहीतरी सामायिक असावं लागतं. नसेल तर ते कोडं होतं.

जिन्याला दोन फाटेही आहेत. ‘म्हातारी परवडली, ती निदान वाटेत बंद पडत नाही’ असं म्हणून उपमेयाला उपमानापासून वेगळं काढलं की व्यतिरेक. उपमेय उपमानाहून चढ ठरवायचं अशी त्याची शाळेतली ओळख. थट्टेत तो असा उलटाही चालतो. आणि ‘आमच्या एसटीसारखी आमची एसटीच’ म्हटलं की तुलनेला दुसरं काही सापडत नाही असं सांगणारा अनन्वय. तो कौतुकालाही चालतो, वैतागालाही. सूर बदलला की झालं.

कुठल्या पायरीवर थांबायचं? नव्या श्रोत्यांसमोर, गंभीर विषयावर, उपमेवर थांबा. ओळखीच्या माणसांत रूपकापर्यंत जा. सगळ्या पायऱ्या एकाच परिच्छेदात चढायच्या नसतात. वर चढले ते दाखवण्यापुरतं.

आणि एका वेळी एकच तुलना. ‘भ्रष्टाचाराच्या भस्मासुराचा वटवृक्ष मुळासकट उपटून त्याच्या ज्वाला विझवल्या पाहिजेत’ ही जातीची वाक्यं निवडणुकीच्या हंगामात भरपूर पिकतात. राक्षस, झाड आणि आग एकाच वाक्यात आले की श्रोत्याला काहीच दिसत नाही.

अतिशयोक्तीबद्दल एक गोष्ट. ती करायची तर पूर्ण करा. सभेला दोनशे माणसं असताना ‘पाचशे होती’ म्हणणं ही थाप झाली. ‘अख्खा तालुका लोटला होता’ ही अतिशयोक्ती. आचार्य अत्र्यांचं ‘गेल्या दहा हजार वर्षांत’ लोकांनी हसत स्वीकारलं, कारण तो आकडा कुणी पडताळून बघणारच नव्हतं.

चौथी पायरी: कानाने लिहा

पाऊस पडतो हे मराठीत किती तऱ्हांनी सांगता येतं बघा. रिमझिम, भुरभुर, पिरपिर, संततधार, मुसळधार, धो धो. रिमझिमीत माणूस खिडकीशी बसतो, पिरपिरीत वैतागतो, धो धो पावसात छत्री मिटून आडोसा शोधतो. पाऊस तोच, पण शब्दाच्या आवाजातच माणसाची मनःस्थिती येते. ‘खूप पाऊस पडत होता’ असं लिहून पुढे दोन ओळी वर्णन करण्यापेक्षा नेमका नादवाचक शब्द शोधायला दोन मिनिटं द्या.

म्हणी टिकल्या त्याही कानामुळे. ‘आधी पोटोबा, मग विठोबा’, ‘गरज सरो, वैद्य मरो’, ‘अति तेथे माती’: दोन तुकडे, शेवटी यमक, मध्ये श्वासाची जागा. स्वतःचं वाक्य असं दोन तोलाच्या तुकड्यांत बसतंय का ते पाहा. एका भाषणात असं एखादं पुरे. प्रत्येक वाक्याला यमक लागलं की तो उखाणा होतो, आणि उखाण्याला लोक ऐकण्याआधीच हसायला तयार असतात.

एकाच अक्षराची पुनरावृत्ती, म्हणजे अनुप्रास, सूत्रसंचालकांचा फार लाडका. ‘सन्माननीय, सदाचारी, सहृदय, सेवाभावी’ अशी माळ सुरू झाली की पाहुणाही खाली बघायला लागतो. दोन शब्द जुळले तर गोडवा येतो. चौथ्याला शब्दकोश उघडलेला कळतो.

पुनरावृत्ती खरी कशी करायची ते बघायला महात्मा फुल्यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’मधल्या, १८८३ सालच्या या ओळी मोठ्याने वाचा:

विद्येविना मति गेली,
मतिविना नीति गेली,
नीतिविना गति गेली,
गतिविना वित्त गेले,
वित्ताविना शूद्र खचले,
इतके अनर्थ एका अविद्येने केले.

या ओळी पाठ असतात, पण त्यांची बांधणी क्वचित कुणी उलगडून दाखवतं. पहिली गोष्ट, प्रत्येक ओळीत जे हरवलं तेच पुढच्या ओळीचं कारण बनून येतं. ही साखळी म्हणजे कारणमाला. मधली एक कडी जरी नाकारायची म्हटली तरी श्रोत्याला जागा सापडत नाही. दुसरी, पहिल्या चार ओळी जवळजवळ एका मापाच्या आहेत आणि क्रियापद एकच: जाणं. कान त्या लयीला सरावतो. पाचव्या ओळीत क्रियापद बदलतं, ‘खचले’, आणि तिथेच पहिल्यांदा माणूस येतो. तोवर सगळ्या अमूर्त गोष्टी होत्या. तिसरी, शेवटची ओळ एकदम लांब होते आणि आजवर न दिसलेला कर्ता समोर येतो. गेली, गेली, गेली, गेले, खचले, आणि मग ‘केले’. जे आपोआप गेलं असं वाटत होतं ते कुणीतरी केलेलं होतं, आणि तिचं नाव पहिल्या ओळीतल्या शब्दाला एक ‘अ’ लावून तयार झालंय.

सराव म्हणून तुमच्या विषयावर अशी चार ओळींची साखळी लिहून बघा. ‘रस्ता खचला म्हणून एसटी बंद झाली, एसटी बंद झाली म्हणून…’ असं काहीही चालेल. शेवटच्या ओळीत लय मोडायची, हे विसरू नका.

तिनाच्या मांडणीलाही असाच नियम. ‘शिका, संघटित व्हा, संघर्ष करा’ हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा संदेश म्हणून घरोघरी पोचला. यात क्रम बदलून पाहा, चालत नाही. प्रत्येक पायरी मागच्या पायरीवर उभी आहे. आपल्या भाषणातल्या तीन गोष्टी कुठल्याही क्रमाने चालत असतील तर ती नुसती यादी आहे.

श्लेषावर, म्हणजे एकाच शब्दाच्या दोन अर्थांच्या खेळावर, एकच सूचना: मराठीत लिंग बघा. सत्कारात हार मिळतो, निवडणुकीत हार मिळते. कोटी सुचली आणि क्रियापदाने घात केला असं वरचेवर होतं.

पाचवी पायरी: प्रश्न आणि उलटं बोलणं

पुण्यात प्लेगच्या काळातल्या बंदोबस्ताने लोक पिचलेले असताना, त्या बंदोबस्ताचा प्रमुख अधिकारी रँड याच्यावरच्या हल्ल्यानंतर, ‘केसरी’त ६ जुलै १८९७ ला अग्रलेख आला: ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ मथळा म्हणजे एक प्रश्न आणि त्याचं उत्तर वाचकाच्या तोंडात आधीच तयार. लिहिणाऱ्याने आरोप केलाच नाही. तो वाचकाने केला. असा प्रश्न टाकताना हीच अट असते, की समोर बसलेल्यांपैकी बहुतेकांच्या मनात एकच उत्तर असलं पाहिजे. तसं नसेल तर ‘माझं काय चुकलं?’ असं विचारल्यावर मागून कुणीतरी खरंच यादी वाचायला घेतं. आणि प्रश्न विचारला की थांबा. दोन श्वास. स्वतःच उत्तर देऊन टाकणारा वक्ता प्रश्न वाया घालवतो.

वरवर स्तुती आणि आतून निंदा, किंवा त्याच्या उलट, ही व्याजस्तुती. ‘वेळ पाळावी तुमच्याकडूनच शिकावं, सभा संपायच्या आत पोचलात!’ तोंडी बोलताना सूर मदतीला असतो. व्हॉट्सॲपच्या गटावर सूर नसतो, आणि गटातला एखादा काका हमखास सरळ अर्थ घेतो. लेखी मजकुरात उपरोध वापरायचा तर मागच्या-पुढच्या वाक्यांनी तो स्पष्ट करा, नाहीतर वगळा.

कुणाला थेट बोलायचं नसेल तर अन्योक्ती आहे. ‘लेकी बोले सुने लागे’ ही म्हणच तिचं वर्णन आहे. ‘उथळ पाण्याला खळखळाट फार’ म्हणताना कुणी ओढ्याबद्दल बोलत नसतं. पण सभेत ज्याला लागायचं त्यालाच लागेल अशी खात्री नसते. भलताच माणूस दुखावून बसतो. मी तरी हे हत्यार घरापुरतं ठेवते.

सहावी पायरी: बांधणी कीर्तनकारांकडून घ्या

शाळेतल्या भाषणाचा साचा आपल्या सगळ्यांच्या जिभेवर आहे: अध्यक्ष महोदय, पूज्य गुरुजनवर्ग, जमलेले बालमित्र, शांत चित्ताने ऐकण्याची नम्र विनंती, आणि शेवटी ‘एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवतो’. यात सुरुवात आहे, शेवट आहे, मधलं कसं रचायचं ते मात्र नाही.

नारदीय कीर्तनात मधल्याचा फार चांगला आराखडा आहे. पूर्वरंगात बुवा एखादा अभंग किंवा पद घेतात आणि त्यातला विचार फोडून सांगतात, दृष्टान्त देतात. मध्यंतर होतं. उत्तररंगात त्याच विचाराला धरून एक आख्यान येतं, पूर्ण गोष्ट, पात्रांसकट, आणि ती संपता संपता बुवा पुन्हा मूळ पदावर येतात. वारकरी कीर्तनाची रीत वेगळी, तिथे एका अभंगाचंच चरणाचरणाने निरूपण चालतं. दोन्हींत सामायिक गोष्ट अशी की तासन्‌तास बोलूनही मूळ एक असतं.

तुमच्या पाच मिनिटांत हे असं बसवा: एक वाक्य विचार, त्याचा थोडा खुलासा, एक दृष्टान्त, आणि मग वेळेचा मोठा भाग एकाच घटनेला. शिपाईमामांच्या भाषणात ओढ्याच्या पाण्याचा दिवस हे आख्यान. भाकरीचा तपशील दृष्टान्ताच्या जागी. बाकी सगळं वगळा, मनाला कितीही लागलं तरी.

ॲरिस्टॉटलने ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात वक्त्याची तीन साधनं सांगितली: बोलणाऱ्याबद्दलचा विश्वास, ऐकणाऱ्याच्या भावना आणि युक्तिवाद. मसुदा झाला की या तिन्हींना एकेक रंगाची पेन्सिल द्या आणि वाक्यं अधोरेखित करा. निरोपाच्या भाषणात युक्तिवादाचा रंग जवळपास नसला तरी बिघडत नाही. सोसायटीच्या हिशेबाच्या सभेत मात्र सगळा कागद भावनेच्या रंगाने भरला असेल, तर खजिनदार पहिल्याच मिनिटात तुम्हाला अडवतील.

सातवी पायरी: मोठ्याने वाचा आणि कापा

मसुदा उभं राहून, मोठ्याने, घड्याळ लावून वाचा. जिथे श्वास पुरत नाही तिथे वाक्य तोडा. जिथे जीभ अडखळते तिथला जोडशब्द बदला. ‘अविस्मरणीय’च्या जागी ‘विसरता न येणारा’ चालतो. जिथे वाचताना स्वतःवरच खूश झालात ती ओळ संशयित समजा आणि दुसऱ्या कुणाला ती वाचून दाखवा.

सरावासाठी वही ठेवा. बसस्टॉपवर, बाजारात, कीर्तनात, टपरीवर कानावर पडलेलं एखादं चपखल वाक्य रोज लिहा आणि शेजारी त्याने काय केलं ते नोंदवा: तुलना केली, उलटं बोललं, की नुसता तपशील नेमका निवडला. अलंकाराचं नाव आठवलं नाही तरी चालेल. भरताच्या नाट्यशास्त्रात अलंकार चारच आहेत, उपमा, दीपक, रूपक आणि यमक. पुढच्या ग्रंथांत ते वाढत वाढत शंभरावर गेले. नावं वाढली ती अभ्यासकांच्या सोयीसाठी. भाजी विकणाऱ्या मावशी त्यातले निम्मे तरी सकाळच्या बाजारात वापरून मोकळ्या होतात.

भाषणाच्या दिवशी पूर्ण मजकूर हातात घेऊ नका. पोस्टकार्डाएवढ्या कागदावर पाच-सहा शब्द पुरतात: घंटा, ओढा, भाकरी, प्रश्न, नाव. आदल्या संध्याकाळी ते शब्द समोर ठेवून तीनदा बोलून बघा. तिन्ही वेळा वाक्यं थोडी वेगळी येतील, येऊ द्या. फक्त पहिलं आणि शेवटचं वाक्य तेवढं पाठ करा, कारण माईक हातात आल्यावर नेमकी तीच दोन सुचत नाहीत.